गाडीच्या आतली खडखड: ढिला स्क्रू कसा शोधायचा आणि किती आवळायचा

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने सहा वर्षं चाललेली हॅचबॅक घेतली. तिसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा फोन. "मामा, मागच्या सीटखाली कुठेतरी स्क्रू ढिला झालाय. सीट काढून बघू का?" मी म्हटलं, काही काढू नकोस, गाडी घेऊन इकडे ये.

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरापाशी लागोपाठ दोन स्पीडब्रेकर आहेत. त्यांच्यावरून त्याला गाडी न्यायला लावली आणि मी मागे बसलो. प्रत्येक ब्रेकरवर खट-खट, दोनदा. डिकी उघडून खालचं कार्पेट उचललं, तर जॅक त्याच्या खोबणीतून सुटून स्टेपनीच्या रिमवर आडवा पडला होता. तो जागेवर ठेवला आणि त्याचा दांडा हाताने थोडा फिरवला, म्हणजे जॅक किंचित उघडून खोबणीत ताठ बसतो. टॉमी आणि व्हीलपाना जुन्या फडक्यात गुंडाळला. पुन्हा ब्रेकरवरून गाडी नेली. आवाज बंद. त्या दिवशी आम्ही एकही स्क्रू फिरवला नाही.

ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे, विशेषतः जुनी घेतली आहे, आणि ज्यांना आतली छोटी कामं स्वतः करायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आधी आवाज शोधायचा, मग स्क्रू तपासायचा, आणि हाताला वाटतं त्यापेक्षा कमी आवळायचा. गाडीच्या आतले जे स्क्रू मी कामातून गेलेले पाहिले, त्यातले बरेचसे ढिले राहिल्यामुळे नव्हे, जास्त पिळल्यामुळे गेले होते.

स्क्रू ढिला होतो म्हणजे काय होतं

हादऱ्यांमुळे स्क्रू सुटतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाडीच्या आत बहुतेक ठिकाणी स्क्रू पोलादाचा आणि तो धरणारा भाग प्लास्टिकचा असतो, आणि खरी गोष्ट तिथे आहे. प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या साधारण पाच ते दहा पट जास्त फुगतं. इंदूरला मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्याही पुढे तापतो आणि रात्री पुन्हा निवतो. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. स्क्रूच्या डोक्याखाली दाबलेलं प्लास्टिक हळूहळू चेपत जातं. अशा वेळी स्क्रू जागचा हललेलाही नसतो, तरी पकड गेलेली असते. म्हणूनच अशा स्क्रूला पाव फेरा पुरतो, कधी त्याहूनही कमी.

जुन्या गाडीत आणखी एक कारण असतं, आणि मी ते सगळ्यात आधी बघतो. आधीच्या कुणीतरी स्टिरिओ, कॅमेरा किंवा सेंट्रल लॉक बसवायला पॅनल उघडलेलं असतं आणि सहा स्क्रूंच्या जागी चारच परत लावलेले असतात. रिकामं भोक, वेगळ्या रंगाचा स्क्रू किंवा स्क्रू झाकणारी चुरगळलेली टोपी दिसली, की तिथे कुणाचा तरी हात लागला आहे असं समजा.

हात लावण्याआधी

गाडी वॉरंटीत असेल तर हा लेख फक्त तपासण्यापुरता वापरा, उघडू काहीच नका. आवाज कुठून येतो, किती वेगाला येतो, कशा रस्त्यावर येतो हे लिहून सर्व्हिस सेंटरला द्या आणि सल्लागाराला शेजारी बसवून एक चक्कर मारा. नुसतं "आवाज येतो" म्हटलं तर जॉबकार्डवर तेवढंच लिहिलं जातं आणि गाडी धुऊन परत मिळते.

दुसरी गोष्ट एअरबॅगची, आणि इथे कसलीही सवलत नाही. भारतात 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग असतेच. 1 एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलना समोरच्या प्रवाशाचीही सक्तीची झाली. काही गाड्यांत सीटच्या कडेला आणि छताच्या कडेलाही असतात. जिथे जिथे प्लास्टिकवर किंवा सीटच्या शिवणीशेजारच्या पट्टीवर एअरबॅग हा शब्द कोरलेला किंवा शिवलेला आहे, तिथलं आवरण उघडायचं नाही. स्टिअरिंगचं मधलं पॅड, ग्लव्ह बॉक्सच्या वरचा डॅशबोर्ड, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, सगळं यात आलं. पॅनलच्या मागे पिवळ्या रंगाचा कनेक्टर किंवा पिवळी तार दिसली तर तो त्याच यंत्रणेचा भाग समजून हात मागे घ्या. सीटबेल्ट जिथे गाडीच्या अंगाला बोल्टने धरलेला असतो, ती जागासुद्धा आपली नाही.

हत्यारं

फार लागत नाही. मध्यम आकाराचा, दोन नंबरचा प्लस स्क्रू ड्रायव्हर, त्याच नंबरचा एक आखूड म्हणजे बुटका ड्रायव्हर, टॉर्क्सचे, म्हणजे सहा टोकांचे, टी 20, टी 25 आणि टी 30 हे तीन बिट, 10 मिलिमीटरचा बॉक्सपाना, टोप्या आणि पॅनल उचकायची प्लास्टिकची ट्रिम पट्टी, कपाळाला लावायची बॅटरी आणि दोरीला बांधलेला एक छोटा लोहचुंबक. चुंबकाचं महत्त्व पुढे येईल.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांची रांग आहे, तिथे हे सगळं एका फेरीत मिळतं. पुण्या-मुंबईकडून नव्याने इथे आलेल्यांसाठी एक भाषेची गोष्ट: दुकानात प्लस ड्रायव्हरलाच बरेचदा "स्टार" म्हणतात. त्यामुळे सहा टोकांचा हवा असेल तर "टॉर्क्स" असंच मागा आणि नंबर सांगा. आणि "आटे गेलेत" म्हटल्यावर समोरचा गोंधळला, तर "चूड़ी मर गई" म्हणा, लगेच कळतं.

ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका. पेटीत बारा डोकी देणारे स्वस्त सेट येतात, त्यांची टोकं दोन महिन्यांत गोल होतात आणि जाता जाता स्क्रूचं डोकंही गोल करून जातात. प्लसमध्येही फरक असतो. जपानी बनावटीच्या गाड्यांत, आणि आपल्याकडे अशा खूप आहेत, कधीकधी स्क्रूच्या डोक्यावर प्लसच्या शेजारी एक बारीक ठिपका दिसतो. तो जपानी मापाचा प्लस असतो. नेहमीचा प्लस, म्हणजे फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण तळाला बसत नाही आणि जोर दिला की उसळून बाहेर येतो. असा स्क्रू दिसला तर त्या मापाचा ड्रायव्हर घ्या. तो मिळेपर्यंत तुमच्याकडचा ड्रायव्हर तळव्याने दाबून धरा आणि अगदी सावकाश फिरवा. फिलिप्सचा प्लस स्क्रू 1936 सालचा आहे आणि मोटारींच्या कारखान्यात तो तेव्हाच पोहोचला होता, तरी आजही चुकीच्या टोकामुळेच त्याची डोकी झिजतात.

बॅटरीवर चालणारं ड्रिल या कामाला आणू नका. मी एकदा घाईत आणलं होतं. घरच्या गाडीच्या आर्मरेस्टचा स्क्रू एका झटक्यात आत गेला आणि फिरतच राहिला. आतले आटे निघून गेले होते आणि तो हात ठेवायचा कठडा महिनाभर हलत राहिला.

पहिलं काम: गाडी रिकामी करा

सगळं बाहेर काढा. दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, सुटी नाणी, चष्म्याच्या कप्प्यातला चष्मा, ग्लव्ह बॉक्समधली कागदपत्रं, सीटखाली गेलेली छत्री, आरशाला लटकवलेली माळ, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती. मूर्ती काढताना मनाला बरं वाटत नाही, पण तिच्या खालची दोन बाजूंनी चिकटणारी टेप सुकली की तीच बारीक टकटक करते. ती नव्या टेपने घट्ट बसवून परत ठेवता येते.

मग डिकी. जॅक, टॉमी, स्टेपनीचा मधला मोठा बोल्ट, मागच्या काचेखालचा पार्सल ट्रे. ट्रेच्या दोन्ही बाजूंना रबराच्या गुट्ट्या असतात. एक हरवली तरी ट्रे प्रत्येक खड्ड्याला आपटतो. मागच्या सीटचे बेल्ट वापरात नसतील तर त्यांची बकलं खांबाच्या प्लास्टिकवर आपटतात, त्यांना खाचेत अडकवा. बाहेर येऊन नंबरप्लेटही हाताने हलवून बघा, तिचा आवाज डिकीच्या पत्र्यातून आत येतो आणि आतलाच वाटतो.

एवढं करून गाडी चालवली तर अर्धी शंका इथेच फिटते.

दुसरं काम: ऐका

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं मोठं केंद्र आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक जून 2021 मध्ये सुरू झाला आणि बातम्यांत तोच गाजला. पण तिथे कम्फर्ट ट्रॅक आणि फटीग ट्रॅकही आहेत, म्हणजे आराम आणि टिकाऊपणा पारखायला मुद्दाम वेगवेगळे बांधलेले रस्ते. त्यातून घ्यायचं ते एवढंच: आवाज शोधायचा तर रस्ता ठरलेला हवा आणि वेग ठरलेला हवा.

तुमचाही एक रस्ता ठरवा. थोडा उखडलेला, पण ओळखीचा, वर्दळ नसलेला. काचा बंद, एसी बंद, गाणी बंद. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि तुम्ही आधी शेजारी, मग मागे बसा. चालवणाऱ्याने आवाज शोधायचा नाही, त्याचं लक्ष रस्त्यावरच हवं.

आवाजाची जात ओळखायला शिका. खट-खट म्हणजे काहीतरी सुटं आहे आणि आपटतं आहे. झिर्र असा बारीक कंप म्हणजे एखादं पातळ पॅनल किंवा जाळी सैल आहे. करकर किंवा चुईचुई म्हणजे दोन प्लास्टिकं एकमेकांवर घासत आहेत, तिथे स्क्रू आवळून उपयोग नाही, मध्ये कापडी फेल्ट टेप लावावी लागते. ब्रेक मारताना किंवा गाडी निघताना एकदाच "टक" झालं तर सीटची रेल किंवा सीटखाली घरंगळणारी वस्तू बघा. आणि पायाखालून, पुढच्या चाकांच्या बाजूने गडगड किंवा ठक-ठक येत असेल, स्टिअरिंग वळवताना येत असेल, तर तो आतला आवाजच नाही. लिंक रॉड, बुश असं काहीतरी असतं. ते सस्पेन्शनचं काम आहे, मेकॅनिककडे जा.

सकाळी गार गाडीत येणारा आवाज दुपारी तापल्यावर नाहीसा होतो, किंवा बरोबर उलटं होतं. म्हणून वेळ लिहून ठेवा.

आवाज आला की शेजारी बसलेल्याने तळहात ठेवून एकेक पॅनल दाबत जायचं. कुठलं दाबल्यावर आवाज थांबतो ते बघायचं. आमच्या गाडीतली झिर्र आम्ही दोन महिने डॅशबोर्डच्या मधोमध शोधत होतो. खंडव्याच्या बाजूला जाताना सिमरोलच्या पुढे घाटात एका वळणावर बायकोने सहज ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर गुडघा टेकवला आणि आवाज एकदम थांबला. गुडघा काढला की सुरू, टेकवला की बंद. घरी येऊन बघितलं तर कुलपाचा इंग्रजी यू आकाराचा आकडा ज्या दोन स्क्रूंनी धरलेला असतो, त्यातला एक अर्धा बाहेर आला होता. आवाज जिथून ऐकू येतो तिथेच त्याचं मूळ असतं असं नाही. डॅशबोर्ड आतून पोकळ असतो, आवाज त्यातून फिरतो.

गाडी उभी असतानाही एक चाचणी करता येते. फोनवर सूर काढणारं ॲप घ्या, गाडीच्या स्पीकरला जोडा आणि 30 ते 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा, आवाज मध्यम ठेवा. एखाद्या विशिष्ट सुराला दाराचं पॅनल किंवा स्पीकरची जाळी झणझणायला लागते. तो सूर तिथेच धरून ठेवा आणि बोटाने दाबत फिरा. दारातल्या ढिल्या जागा शोधायला यापेक्षा चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

तिसरं काम: एकेक जागा

गाडी सावलीत, सपाट जागी, हँडब्रेक ओढून. इंजिन बंद आणि चावी खिशात. मी मागून पुढे येतो, म्हणजे काही राहत नाही.

डिकीच्या दाराचं आतलं पॅनल बहुतेक क्लिपांवर असतं, त्यात ओढायच्या मुठीपाशी एखाददुसरा स्क्रू. तो तपासा, पुढे चला.

दारांवर वेळ द्या. दार ओढून लावताना दररोज सगळा जोर एकाच जागी पडतो, ती जागा म्हणजे आर्मरेस्टमधली खोलगट मूठ. तिच्या तळाशी रबराचा तुकडा किंवा छोटी टोपी असते, ती ट्रिम पट्टीने हळूच उचला. खाली एक किंवा दोन स्क्रू दिसतील. आतून दार उघडायच्या कडीच्या मागेही एक टोपी असते, तिथेही स्क्रू असतो. ड्रायव्हर लावा आणि आधी फक्त अंदाज घ्या, फिरतो का, किती फिरतो. मग बोटांच्या सांध्यांनी पॅनलच्या चारही कडांवर टकटक करत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आणि मागून दुसरी टकटक आली तर तिथली क्लिप तुटलेली आहे. स्क्रू घट्ट आणि क्लिप तुटलेली असेल तर दार वाजतच राहणार. क्लिपा स्वस्त मिळतात, पण आपल्या मॉडेलच्या हव्यात. तुटलेली एक हातात घेऊन दुकानात जा.

काच अर्धी उतरवल्यावर येणारा आवाज वेगळा. तो काचेच्या रबरी खाचेचा असतो, त्यात स्क्रूचा दोष नाही.

दार ज्या लोखंडी कड्यात अडकतं, ते कडं दोन जाड स्क्रूंनी खांबाला धरलेलं असतं. ते घट्ट आहेत का तेवढं बघा, सैल करू नका. ते एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी दार नीट लागत नाही. त्याच्या कडेने आजच पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा, पुढे कधी सरकलं तर लगेच कळेल.

छताला असलेल्या, हाताने धरायच्या मुठींच्या दोन्ही टोकांना उघडणाऱ्या टोप्या असतात, आत एकेक स्क्रू. सनवायजरलाही तसेच. इथे फक्त असलेला स्क्रू तपासायचा. तो काढून दुसरा, त्यातही लांब स्क्रू लावायचा नाही, कारण छताच्या कडेने पडदा एअरबॅग गुंडाळलेली असू शकते.

पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा, मग बाजूला. कडेच्या प्लास्टिक कव्हरचा स्क्रू आपण आवळू शकतो. पण सीट ज्या रेलवर बसते आणि ती रेल ज्या चार बोल्टनी फरशीला धरलेली असते, ते बोल्ट सैल वाटले तर स्वतः अंदाजाने आवळून गप्प बसू नका. अपघातात तुमचं वजन तेच बोल्ट धरतात. त्यांचा ताण टॉर्क पान्याने मोजून द्यायचा असतो. त्याच दिवशी वर्कशॉपमध्ये जा.

ग्लव्ह बॉक्सबद्दल वर सांगितलंच. रिकामा करा, उघडा, कुलपाचा आकडा बघा, खालच्या बिजागरीचे स्क्रू बघा, झाकण टेकतं त्या रबरी गुट्ट्या आहेत का बघा. गुट्टी झिजली असेल तर तिच्यावर फेल्टचा छोटा गोल चिकटवा.

गिअरच्या बाजूच्या कन्सोलचे स्क्रू लपलेले असतात: कपहोल्डरच्या रबरी चटईखाली, आर्मरेस्टच्या पेटीच्या तळाशी, पायांच्या दोन्ही बाजूंना. कपहोल्डरमधला स्क्रू सांडलेल्या चहाने गंजलेला मिळतो. आधी ओल्या फडक्याने खाच साफ करा, मग ड्रायव्हर लावा. घाण भरलेल्या खाचेत ड्रायव्हर बसला असं वाटतं, पण तो वरवर टेकलेला असतो.

शेवटी स्टिअरिंगखालचा भाग. कॉलमच्या आवरणाला खालून साधारण तीन स्क्रू असतात. ते दिसतात तेवढे तपासा, आवरण उघडू नका. इथे खाली पेडल आहेत. एखादा स्क्रू, टोपी, अगदी टॉर्चसुद्धा पेडलखाली राहिली तर ब्रेक पूर्ण दाबला जाणार नाही. म्हणून नियम असा: या भागात हातातून स्क्रू पडला तर तो सापडेपर्यंत गाडी चालू करायची नाही. दोरीचा चुंबक यासाठी. कार्पेटच्या घडीतून, सीटच्या रेलमधून तो बारीक स्क्रू ओढून आणतो. जाता जाता ड्रायव्हरची मॅटही तिच्या हुकांत अडकली आहे का ते बघून घ्या.

आवळायचं कसं

आता तो पाव फेरा. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःचे आटे स्वतः पाडतो. पहिल्यांदा बसताना त्याने प्लास्टिकमध्ये जी वाट कोरली, तीच वाट त्याला दरवेळी मिळायला हवी. स्क्रू पूर्ण काढून परत लावत असाल, तर थेट आत पिळू नका. भोकावर स्क्रू सरळ ठेवा, ड्रायव्हर हलकेच टेकवा आणि आधी उलटा फिरवा, डाव्या बाजूला. एका क्षणी स्क्रू बारीकसा खाली उतरतो. बोटांना कळतं, कधी "टिक" असं ऐकूही येतं. तो जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. आता उजवीकडे फिरवा. तो लोण्यात गेल्यासारखा, जवळजवळ जोर न लावता आत जाईल. सुरुवातीपासूनच जोर लागत असेल तर तो नवे आटे कापतो आहे. थांबा, बाहेर काढा, पुन्हा उलटा फिरवा.

ड्रायव्हर मुठीत धरू नका. अंगठा आणि दोन बोटं, एवढीच पकड. स्क्रूचं डोकं पॅनलला टेकलं की हाताला एकदम रोध जाणवतो. तिथून पाव फेरा, बस. प्लास्टिकला साधारण एक-दोन न्यूटन मीटर ताण पुरतो, म्हणजे घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी. डोक्याभोवतीचं प्लास्टिक पांढरं पडायला लागलं तर तुम्ही जास्त आवळलं आहे, लगेच पाव फेऱ्याच्या निम्मं मागे या. पांढरी पडलेली जागा पुढे तिथेच तडकते.

एका पॅनलला चार-पाच स्क्रू असतील तर सगळे आधी टेकेपर्यंत लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एका बाजूने ओळीत आवळत गेलं तर पॅनल ओढलं जातं आणि शेवटच्या भोकाशी स्क्रू तिरका होतो.

काढलेले स्क्रू वाटीत एकत्र टाकू नका. पुठ्ठ्यावर पॅनलचं ढोबळ चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. यामागे नुसता नीटनेटकेपणा नाही. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. काही वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका दुकानात दारांत स्पीकर बसवून घेतले. पंधरा दिवसांनी ड्रायव्हरच्या बाजूची काच मध्येच बंद पडायला लागली, कधी चालायची, कधी नाही. पॅनल उघडलं तेव्हा दिसलं की तिथे अर्धा इंच लांब, भलताच स्क्रू मारला होता आणि त्याचं टोक तारांच्या जुडग्यात घुसलं होतं. दार आपटलं की तार टेकायची, सुटायची. तांबं उघडं पडून काळं झालं होतं. तेव्हापासून हरवलेल्या स्क्रूच्या जागी मी जुन्याच लांबीचा स्क्रू शोधतो. तो मिळेपर्यंत भोक रिकामं ठेवतो, पण लांब स्क्रू लावत नाही.

स्क्रू नुसताच फिरत असेल तर

आटे गेले. घाबरू नका. मऊ नायलॉनच्या केबल टायची एक बारीक चिरफळी कापा, भोकात उभी सरकवा, बाहेर आलेलं टोक छाटा आणि तोच स्क्रू हाताने, हळूच लावा. पुष्कळदा एवढ्यावर पकड येते. नाही आली तर त्याच लांबीचा, जाडीने एक नंबर मोठा स्क्रू. प्लास्टिकची नळी उभी तडकली असेल तर इपॉक्सीने भरून, चोवीस तास सुकू देऊन, बारीक भोक पाडून पुन्हा लावता येतो.

निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव, फक्त लोखंड लोखंडात जातं तिथेच. प्लास्टिकवर तो लावला की काही प्लास्टिकं ठिसूळ होऊन चिरतात. गंज सोडवणारा स्प्रेही डॅशबोर्डवर मारू नका. करकरीला सिलिकॉनचा थोडासा स्प्रे फडक्यावर घेऊन पुसता येतो, पण स्विचच्या आणि पेडलच्या जवळपास नाही.

झाल्यावर

हत्यारं मोजा, पुठ्ठा रिकामा आहे ना ते बघा, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा एक चक्कर मारा. सामान अजून आत ठेवू नका. आवाज गेला असेल तर मग एकेक वस्तू परत ठेवा, बाटलीपासून सुरुवात करून. लांबच्या प्रवासाआधी, म्हणजे मानपूर आणि बिजासनचा घाट उतरून धुळे, नाशिक, पुण्याकडे निघण्याआधी, आठवडाभर आधी हे करा, आदल्या रात्री नाही. आवळलेल्या जागेवरून रोजच्या वापराचे आठ दिवस जाऊ द्या आणि निघायच्या सकाळी त्या स्क्रूंवर फक्त ड्रायव्हर टेकवून बघा. हलला नाही तर हात काढून घ्या.

माझ्या भाच्याने त्याच्या गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर यादी केली आहे: तारीख, किलोमीटर, कुठला स्क्रू, किती फिरवला. गेल्या महिन्यात त्याने मला ती दाखवली. डाव्या मागच्या दाराचा एकच स्क्रू त्यात तीनदा आला होता. आम्ही ते पॅनल उघडलं, तर खालची क्लिप तुटलेली निघाली आणि सगळा भार तो एकटा स्क्रू घेत होता.